संत्र्याची साल, काळं चॉकलेट आणि आत्याचे प्रश्न

माझी आत्या नागपुरात बेकिंगचे वर्ग घेते. झाकणाला काच बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या गोल ओव्हनचा जमाना होता तेव्हापासून घेते आहे, त्यामुळे अंडं, लोणी आणि दूध ओव्हनमध्ये कसं वागतं हे तिच्या हातांना ठाऊक आहे. मी व्हीगन आहे. म्हणजे अंडं तर नाहीच, पण दूध, तूप, मध हेही खात नाही. यंदा मृग बहाराची संत्री बाजारात आली तेव्हा आम्ही दोघांनी तिच्या ओट्यापाशी उभं राहून संत्रं आणि चॉकलेटची व्हीगन बिस्कॉटी केली. करताना बरंच बोलणं झालं. व्हीगन पाककृती लिहिणारे सहसा आधीच पटलेल्या माणसांसाठी लिहितात. न पटलेल्या, पण काम जाणणाऱ्या माणसाचे प्रश्न त्यात येत नाहीत. मला ते प्रश्न मोलाचे वाटतात, म्हणून ते बोलणं इथे मांडतो आहे.

"मला आधी एवढं सांग," आत्यानं सुरुवात केली, "अंडं नको, लोणी नको, दूध नको, तर मग बिस्कॉटीच काहून? चिक्की कर, तिळाची वडी कर, तेलाचं मोहन घालून शंकरपाळे कर. आपल्याकडे असे पदार्थ काय कमी आहेत? जो पदार्थ मुळातच अंड्याचा, त्यातलं अंडं काढायचं आणि पुन्हा त्याच नावानं खायचा, हा हट्ट कशाला?"

"कारण यातून काढायचं फार थोडं आहे, आत्या. इटलीत टस्कनी प्रांतात प्रातो नावाचं शहर आहे. तिथे १८५८ साली आंतोनियो मात्तेई यानं बेकरी काढली. ती अजून चालू आहे आणि तिची बिस्कॉटी निळ्या पुड्यात मिळते. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनातही ती वाखाणली गेली. त्यात असतं काय? मैदा, साखर, अंडी, बदाम आणि थोडे चिलगोजे. लोणी नाही, तेल नाही, दूध नाही, बेकिंग पावडरसुद्धा नाही. केकमधून तीन गोष्टी काढाव्या लागतात, इथे एकच."

"एकच खरी, पण सगळा भार तिच्यावरच आहे ना! लोणी नाही, फुगवायला काही नाही, भिजवायला पाणी नाही, म्हणजे ही सगळी कामं तिथे अंडंच करतं. पीठ तेच भिजवतं आणि तेच बांधतं. तापलं की घट्ट होऊन आकार धरतं. फेटताना हवा पकडतं. पिवळ्यातल्या स्निग्धतेनं बिस्कीट दाताखाली फुटतं, नाहीतर दगड होईल. आणि वरचा तो सोनेरी रंग, तोही बराचसा त्याचाच. केकमधलं अंडं काढणं सोपं आहे, तिथे सावरून घ्यायला बाकीचे असतात. एगलेस केक मी वर्गात कितीतरी शिकवले. कंडेन्स्ड मिल्कचा डबा उघडला की निम्मं काम झालं. तुला तर तो डबाही चालत नाही."

हा मुद्दा बिनतोड होता. आपल्याकडे 'एगलेस' आणि 'व्हीगन' यांत फार गल्लत होते. पाकिटावरचा हिरवा ठिपका दुधाला परवानगी देतो, म्हणून अंड्याशिवायचा केक मावा, दही आणि लोणी घालून निर्धास्तपणे 'शुद्ध शाकाहारी' म्हणून विकला जातो. व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२२ साली केले आणि त्यांचं वेगळं चिन्हही आलं. पण घरगुती बेकरच्या डब्यावर काही ते चिन्ह नसतं. तिथे विचारूनच घ्यावं लागतं.

"एका अंड्याची कामं मी वेगवेगळ्यांना वाटून देणार," मी म्हणालो. "बांधायला जवस. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवली की अंड्यासारखी बुळबुळीत होते. खुसखुशीतपणाला तेल, फुगायला बेकिंग पावडर. आणि जवस तर आपल्या विदर्भाचंच."

"जवसाची चटणी मला शिकवू नको. जवसाला स्वतःचा वास असतो, तो संत्र्यावर बसेल, हे एक. फिक्या पिठात त्याचे तपकिरी ठिपके दिसतील, ते मी एक वेळ चालवून घेईन. पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. तो बुळबुळीतपणा म्हणजे पाणी धरून ठेवणं. बिस्कॉटी दोनदा भाजायची कशासाठी, तर तिच्यातलं पाणी घालवायला. तू पाणी धरून ठेवणारी वस्तू घालतोस आणि मग पाणी काढायला बसतोस. ती कुरकुरीत व्हायच्या ऐवजी चिवट होणार."

व्हीगन पाककृतींत जवस जिथे तिथे सुचवलेलं असतं. मऊ ब्राउनीला किंवा मफिनला ते शोभतंही. कोरड्या, कुरकुरीत बिस्किटाला मात्र आत्याचा आक्षेप नेमका लागू पडतो. तेव्हा मी दुसरा पर्याय पुढे केला. २०१४ साली फ्रान्समध्ये जोएल रोसेल यांच्या लक्षात आलं की शिजवलेल्या चण्यांचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटता येतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत गूस वोल्ट यांनी नुसतं ते पाणी आणि साखर घेऊन मेरिंग करून दाखवलं. आज व्हीगन बेकर त्याला अक्वाफाबा म्हणतात.

आत्याचा चेहरा खुलला. "म्हणजे कट! पुरणाची डाळ शिजताना वर जो फेस येतो, कुकरच्या शिटीतून जो उतू जातो, तोच हा. आयुष्यभर त्याची आमटी केली, पण फेटून बघावं हे कधी मनात आलं नाही."

मग सूत्रं तिच्या हाती गेली. काबुली चणे रात्री भिजवले. भिजवलेलं पाणी ओतून दिलं आणि ताज्या पाण्यात, मीठ किंवा सोडा न घालता, शिजवले. चणे त्याच पाण्यात निवू दिले, कारण निवताना त्यातला दाटपणा आणखी पाण्यात उतरतो. गाळलेलं पाणी पातळ वाटलं तेव्हा तिनं ते मंद आचेवर आटवलं आणि दोन बोटांत धरून ताणून पाहिलं. साखरेच्या पाकाची तार बघणारा हात तो, अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट झाल्याबरोबर गॅस बंद झाला. वाटीत घेऊन फेटलं तर मिनिटाभरात साबणासारखा फेस. चण्याचा वास येतो, नाही असं नाही. पण भाजल्यावर आणि संत्र्याच्या सालीपुढे तो उरत नाही.

"जवसाची एक चमचाभर पूड तरीही घालू," ती स्वतःहून म्हणाली. "कापताना वडी फुटू नये इतपत. छोटा चमचा, तुझा तो मोठा नाही."

इथवर आमचं भांडण कारागिरीचं होतं. तेल मापत असताना ते खऱ्या प्रश्नाकडे वळलं.

"अंड्याचं मी सोडून देते," ती म्हणाली. "आपल्या घरात तसंही ते उशिराच आलं. पण दूध-तुपाचं मला पटत नाही, स्पष्ट सांगते. आपलं घर वर्ध्याचं. तुझे आजोबा गोरस भांडारातून गोरसपाक आणायचे, गाईच्या तुपातला. तसं बिस्कीट जगात कुठे मिळणार नाही. आणि त्यामागे एक विचार होता. नुसता गाईचा जयजयकार करून गाय जगत नाही. तिच्या दुधा-तुपाला गिऱ्हाईक मिळालं तर शेतकरी तिला पोसेल. जमनालालजी बजाजांनी गोपुरीत गोसेवेचं काम उभं केलं ते याच भावनेनं. तू तूप सोडून कोणाचं भलं करतोस?"

"त्याच वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहिलेल्या माणसानं १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं, आत्या."

"आणि पुन्हा शेळीचं दूध घेतलं, तेही सांग."

"घेतलं. १९१९ च्या सुमाराला, मोठ्या आजारपणात, कस्तुरबांच्या सुचवण्यावरून. व्रत घेताना मनात गाई-म्हशींचंच दूध होतं, अशी वाट काढून. ही तडजोड आपल्याला बोचते हे त्यांनी आत्मकथेत उघडपणे लिहिलं आहे. पण तेव्हा बी-१२ जीवनसत्त्व म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं. ते वेगळं काढता आलं १९४८ साली. मी त्याची गोळी घेतो. दुधाशिवाय शरीर कसं टिकवायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आज माझ्यापुढे तसाच उभा नाही."

"गोळी घेऊन जगायचं, पण गाईच्या घोटभर दुधाला नाही म्हणायचं?"

"घोटभर असतं तर गोष्ट वेगळी होती. दूध यायला गाय-म्हैस दरवर्षी-दीडवर्षानं व्यावी लागते. निम्मी वासरं नर होतात. पूर्वी त्यांचे बैल व्हायचे. आता ट्रॅक्टर आहे. म्हशीच्या रेडकाला तर तेव्हाही फारसं काम नव्हतं. त्यांचं पुढे काय होतं हे दुधाच्या पिशवीवर कुठेच लिहिलेलं नसतं. मला ते विसरून चहा पिता येत नाही, एवढंच."

आत्या तेल मापायची थांबली नाही, पण तिचं उत्तर सावकाश आलं. "वासरांचं तू म्हणतोस ते खोटं नाही. मी स्वतः पाहिलं आहे. पण मी हेही पाहिलं आहे की कापूस हातचा गेला त्या वर्षी दोन म्हशींच्या दुधावर घर चाललं आणि मुलांच्या फिया भरल्या गेल्या. त्या घरी जाऊन तू हे बोलू शकशील?"

"नाही. आणि बोलणारही नाही. त्यांनी काय विकावं हे मी सांगत नाही. मी काय विकत घ्यावं तेवढं ठरवतो."

"मग तेवढंच ठरव, आणि बदामाचाही हिशेब कर. तुम्ही लोक गाईचं दूध सोडता आणि बदामाचं पिता. बदाम येतो समुद्रापलीकडून, कॅलिफोर्नियातून. तिथे त्याला पाणी किती लागतं हे तूच मला मागे सांगितलं होतंस. बागा फुलल्या की मधमाश्यांच्या पेट्या ट्रकमधून नेतात, हेही तूच म्हणालास. मधमाशीचा मध नको, पण तिच्या मजुरीवर पिकलेला बदाम चालतो?"

माझ्या मते त्या दुपारचा सगळ्यात खणखणीत प्रश्न हाच होता, आणि व्हीगन माणसानं तो टाळू नये. बिस्कॉटीत बदामच हवा असा काही देवाचा कायदा नाही. प्रातोच्या आसपास बदाम आणि चिलगोजे हाताशी होते म्हणून ते त्यात आले. आमच्या हाताशी शेंगदाणे होते. आत्यानं ते कढईत मंद आचेवर खमंग भाजले, सालं पाखडून काढली आणि अर्धे अर्धे केले. संत्रं, काळं चॉकलेट आणि भाजलेला शेंगदाणा हे त्रिकूट इतकं जमतं की बदामाची आठवण येत नाही. वेंगुर्ल्याकडचे काजूही चालतील, फक्त ते मऊ असल्यानं दाताखाली तसा कडकपणा येत नाही.

दुधाच्या प्रश्नावर आम्ही एकमेकांना हरवलं नाही. मी माझ्या जागी आहे आणि आत्या तिच्या. पण त्या बोलण्यानंतर एक गोष्ट मला अधिक स्पष्ट दिसली. तूप हा ज्याचा प्राण आहे त्या गोरसपाकाचं व्हीगन रूप करायला मी जाणार नाही. नानकटाईचंही नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यात भरून बेकरीत नेऊन द्यायचं आणि पत्र्याच्या डब्यात भरून नानकटाई घरी आणायची, ही आपल्याकडची रीत होती. त्या नानकटाईत तुपाच्या जागी वनस्पती तूप घातलं की कागदोपत्री ती व्हीगन होते, आणि कित्येक बेकऱ्यांची खारी-नानकटाई अशी नकळत व्हीगन असतेही. पण त्यात चवीचं भलं नाही आणि तब्येतीचंही नाही. ज्या पदार्थाला कमीत कमी सोंग घ्यावं लागतं तो निवडावा. बिस्कॉटी तसा पदार्थ आहे.

आता संत्र्याकडे येतो, कारण सगळी चव तिथेच आहे.

मी रस काढायला घेतला तेव्हा आत्यानं हात धरला. "रसानं काही होत नाही. रस म्हणजे पाणी, साखर आणि आंबटपणा. भाजताना पाणी उडून जाईल, मग उरेल काय? हे बघ." तिनं सालीचा एक तुकडा गॅसच्या ज्योतीजवळ नेला आणि रंगीत बाजू बाहेर ठेवून दुमडला. तडतड करत बारीक ठिणग्या उडाल्या आणि स्वयंपाकघरभर संत्र्याचा वास पसरला. "तेल आहे हे. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात ना, त्या एकेका ठिपक्यात भरलेलं. तुला चव हवी तर ती इथून काढ."

आयात होणारी घट्ट सालीची संत्री किसणीवर सहज किसली जातात. नागपुरी संत्र्याचं तसं नाही. त्याची साल सैल असते, किसणीवर सरकते आणि फाटते. संत्री तासभर फ्रीजमध्ये ठेवली तर थोडी आवळतात, पण आत्याची रीत मला जास्त आवडली. चार संत्री आधी कोमट पाण्यात घासून धुतली आणि सोलली. साल ओट्यावर उपडी पसरून आतला पांढरा पापुद्रा चमच्याच्या कडेनं खरवडून काढला. कडवटपणा त्या पांढऱ्यात असतो. उरलेली पातळ, नारिंगी साल बारीक चिरली, साखरेबरोबर मिक्सरमधून एकदाच फिरवली आणि नंतर परातीत घेऊन आत्या बोटांनी चोळत राहिली. साखर हळूहळू पिवळसर आणि ओलसर झाली, समुद्रकाठच्या वाळूसारखी हाताला लागू लागली. तेल साखरेनं ओढून घेतलं की ते पिठात सगळीकडे जातं. त्यात एका कागदी लिंबाची किसलेली साल गेली. नुसत्या संत्र्याचा वास गोड असतो, लिंबानं त्याला धार येते.

"पण दोनदा भाजताना हे तेल उडून नाही का जाणार?" या वेळी प्रश्न माझा होता.

"बरंचसं जाणार. म्हणून एवढ्यावर थांबायचं नाही." तिनं फडताळातून एक बरणी काढली. पाकवलेली साल. संत्र्याची जाडसर साल पाण्यात उकळायची, पाणी ओतून द्यायचं, असं तीनदा करायचं म्हणजे कडवटपणा जातो. मग साखरेच्या पाकात मंद आचेवर ती पारदर्शक होईतो शिजवायची आणि जाळीवर सुकवायची. मुरांब्याची सवय असलेल्या कुणालाही हे जमेल. ओव्हनच्या तापात वरवरचा सुगंध जातो, पाकात मुरलेला टिकतो. म्हणून चावताना मध्येच संत्र्याचा तो चिकट, सुगंधी तुकडा लागतो.

रस दोनच मोठे चमचे घेतला, तोही ऐन वेळी काढून आणि बिया न चिरडता. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की कडवट होत जातो, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

साखरेचाही प्रश्न निघाला, कारण अमेरिकेत काही ठिकाणी साखर पांढरी करताना हाडांचा कोळसा वापरतात आणि तिथले व्हीगन त्याबाबत जागरूक असतात. आपल्याकडचे बहुतेक कारखाने उसाचा रस चुना आणि गंधकाच्या वायूनं स्वच्छ करतात, त्यामुळे नेहमीची साखर मला चालते.

चॉकलेटवरून मात्र पुन्हा खटका उडाला. आत्याच्या घरी घरगुती बेकर वापरतात तशी डार्क कंपाउंडची स्लॅब होती. "डार्क आहे, म्हणजे दूध नसणार," ती म्हणाली. मागची बारीक अक्षरं वाचली तर दुधाची भुकटी निघाली. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरंच वनस्पतिजन्य तेल घट्ट करून घातलेलं असतं. ते वितळवायला सोपं, पण तोंडात मेणासारखं राहतं. खऱ्या काळ्या चॉकलेटला कोको, कोको बटर आणि साखर एवढं पुरतं. कोको बटर नावाला लोणी असलं तरी ते कोकोच्या बियांचंच तेल आहे. कोको आता केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत पिकतो आणि त्याचं उत्तम चॉकलेट आपल्या देशात बनतं. पाकिटावर 'दुधाचे अंश असू शकतात' असं लिहिलेलं असतं तेव्हा पुष्कळ जण गोंधळतात. ती सूचना एकाच यंत्रावर दुधाचं चॉकलेटही होतं म्हणून, दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी दिलेली असते. मी घटकांची यादी बघतो. अ‍ॅलर्जी असलेल्यानं मात्र ती सूचना गंभीरपणेच घ्यावी.

"पिठातच कोको घालू," मी सुचवलं.

"मुळीच नाही. पीठ काळं झालं की भाजलं किती हे डोळ्यांना कळत नाही. अंडं-दूध नसल्यानं तुझी बिस्कॉटी तशीही कमी तांबूस होणार, त्यात अंदाज घ्यायची खूणही घालवायची? शिवाय कोको संत्र्याला दाबतो. चॉकलेट बारीक चिरून पिठात टाक. मोठे तुकडे टाकशील तर कापताना वितळलेले असतील आणि सुरीबरोबर फरफटत जातील."

"आणि भाजल्यावर एक बाजू चॉकलेटमध्ये बुडवायची?"

"आत्ता चालेल. मे महिन्यात नको." याचं कारण मला सांगता आलं. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो, तिथे डब्यातली बिस्कॉटी एकमेकींना चिकटून बसेल. फ्रीजमध्ये ठेवावी तर बाहेर काढल्यावर दव धरते आणि चॉकलेटवर पांढरट डाग येतात. उन्हाळ्यात चॉकलेट आतच ठेवावं.

प्रमाण आत्यानं वहीत लिहून घेतलं, तेच देतो. मैदा २५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर सपाट दीड छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा. साखर १४० ग्रॅम, चार संत्र्यांची आणि एका लिंबाची साल. आटवलेलं चण्याचं पाणी चार मोठे चमचे, संत्र्याचा रस दोन, वास नसलेलं सूर्यफुलाचं तेल चार, जवसाची पूड एक छोटा चमचा. चिरलेलं काळं चॉकलेट ८० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे ७५ ग्रॅम, पाकवलेली साल मूठभर. चण्याचं पाणी फेसाळेपर्यंत फेटून त्यात सुगंधी साखर, मग रस, तेल आणि जवस घालायचं, आणि चाळलेलं पीठ घातल्यावर हात आखडता घ्यायचा. कणकेसारखं मळलं तर बिस्कॉटी टणक होते, कारण अंड्याविना सगळी बांधणी मैद्याच्या चिकटपणावर असते. पीठ मऊ आणि हाताला चिकटणारं असतं. तेलाचा हात लावून दोन लांबट, चपटे रोट थापायचे, हाताएवढे रुंद आणि पाऊण इंच जाड.

आधी तापवलेल्या ओटीजीत १७० अंशांवर अर्धा तास. रोट वरून तडकतात आणि कडा सोनेरी होतात. आता खरी कसोटी येते. गरम असताना कापलं तर चुरा होतो, पूर्ण निवल्यावर कापलं तर तुकडे उडतात. अंड्याची पकड नसल्यानं व्हीगन रोटाला ही मर्यादा जास्तच काटेकोर आहे. वीस-पंचवीस मिनिटं थांबून, वरून पाण्याचा अगदी हलका शिडकावा देऊन पाच मिनिटं ठेवलं की पापुद्रा नरमतो. मग ब्रेडच्या दातेरी सुरीनं, न दाबता, करवतीसारखं तिरकं कापायचं, बोटाच्या जाडीचं. तुकडे आडवे ठेवून १५० अंशांवर एका बाजूनं बारा मिनिटं, उलटून दहा. नंतर ओव्हन बंद करून दार किलकिलं ठेवायचं आणि आतच निवू द्यायचं.

"म्हणजे टोस्टच," आत्या म्हणाली. "आधी पाव, मग काप, मग पुन्हा भट्टी. आपण चहात बुडवतो, ते त्यांच्या गोड वाईनमध्ये."

तिनं दुधाच्या चहात बुडवून खाल्ली, मी कोऱ्या चहात. तिचं मत तिनं न विचारता दिलं: फुटते छान, संत्रं शेवटपर्यंत जिभेवर राहतं, शेंगदाणा शोभतो. अंड्याच्या पिवळ्याचा तो दाट स्वाद नाही आणि तो येणारही नाही. पुढच्या महिन्याच्या वर्गात ती शिकवणार आहे, पण फळ्यावर 'व्हीगन' हा शब्द लिहिणार नाही. नुसतं 'संत्रा-चॉकलेट बिस्कॉटी' लिहिणार. "त्या शब्दानं माणसं चवीआधीच बाजू घेतात," असं तिचं म्हणणं.

मला ते मान्य नाही. ज्याला दूध चालत नाही त्याला डब्यावरचा तो एक शब्द वाचून निश्चिंतपणे हात पुढे करता येतो. मी माझ्या डब्यावर तो लिहितो, आणि त्याखाली सगळे घटकही.

मृग बहाराची संत्री मार्चपर्यंत मिळतात. ती खाल तेव्हा साल फेकू नका. निदान बरणीभर पाकवून ठेवा, बिस्कॉटी नंतरही करता येईल.